पिवळ्या पिस्तुलावरचे पोपटी डाग

माझ्या सासूबाई जुन्या बंदुकांची पारख करतात. हे वाक्य मी चारचौघांत म्हटलं की माणसं माझ्याकडे सहानुभूतीनं बघतात. मी ती कधी नाकारत नाही. जावयाला फुकट मिळणाऱ्या गोष्टी आता जगात फारशा उरलेल्या नाहीत.

आम्ही दोघं एकाच लिलावघरात कामाला आहोत. वस्तू ओळखायची आणि तिची किंमत ठरवायची हे त्यांचं काम, कॅटलॉगमध्ये तिच्याविषयी चार ओळी लिहायच्या हे माझं. म्हणजे चेहरा त्यांचा आणि वरची पावडर माझी. मी लिहिलेली विशेषणं त्या पेन्सिलीनं खोडतात. ‘दुर्मीळ’ खोडतात, ‘देखणी’ खोडतात, आणि एकदा ‘जुनी’ खोडून बाजूला ‘किती?’ असं लिहिलं होतं. ऑफिसात मी त्यांना मॅडम म्हणतो आणि घरी आई. त्या मला ऑफिसात ‘अहो लेखक’ म्हणतात आणि घरी ‘जावईबापू’. दोन्हींतला सूर एकच असतो.

नम्रता हा माल त्यांच्याकडे मिळत नाही. त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर आहेत, सुवर्णपदक मिळवलेल्या आहेत, आणि हे दोन्ही त्या तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. पण मग सहाव्या मिनिटाला त्या जे करतात ते बघून माणूस सुवर्णपदक माफ करतो. एकदा एक गृहस्थ पणजोबांची युद्धातली रायफल घेऊन आले. सासूबाईंनी दस्त्याला नाक लावलं आणि म्हणाल्या, “पणजोबा नाटकात होते का हो?” गृहस्थ चिडले. सासूबाईंनी पांढरा कापूस दस्त्यावर फिरवून त्यांच्यापुढे धरला. कापसावर गालाला लावायचा गुलाबी रंग होता. पणजोबा खरंच नाटकात होते, आणि युद्ध तिसऱ्या अंकात होतं.

तर अशा बाईंची खुर्ची त्या आठवड्यात डळमळली होती. डळमळवणारे होते आमचे धाकटे मालक.

थोरल्या मालकांनी सासूबाईंना नोकरीला घेतलं तेव्हा धाकटे मालक टेबलाखालून रांगत जायचे, त्यामुळे ते त्यांना अजून मावशी म्हणतात. माणूस वाईट नाही. फक्त व्यवस्थापन शिकून आलाय. परत येताना त्यांनी एक यंत्र आणलं. दिसायला केस वाळवायच्या यंत्रासारखं, वस्तूवर टेकवलं की रंगाचा नेमका क्रमांक सांगणारं. “मावशी, आता डोळ्यांवर विसंबायची गरज नाही,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी आनंदानं सांगितलं. ज्या बाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय तिला हे वाक्य कसं ऐकू येईल, हा विषय बहुधा अभ्यासक्रमात नव्हता.

त्याच आठवड्यात उस्ताद आले.

पोलीस प्रशिक्षण केंद्रात ज्यांनी उभी हयात पोरांना पिस्तूल धरायला शिकवण्यात घालवली ते हे उस्ताद. पाठ अशी ताठ की आमच्या खुर्चीनं लाजून सरळ व्हावं. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळी भिंतीकडे केली, मग ते उचलून वरच्या बाजूनं आत डोकावून गोळी नसल्याची खात्री केली आणि परत ठेवलं.

“भरीव आहे ना हे?” सासूबाईंनी विचारलं.

“हो. सरावाचं आहे. आत पोकळीच नाही.”

“मग बघितलंत काय?”

“गोळी आहे का ते.”

सासूबाईंनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. त्यात कौतुक होतं. मला तो कटाक्ष लग्नाला इतकी वर्षं होऊनही मिळालेला नाही.

“विकायचं का आहे?”

“मुलीकडे राहायला जातोय. घरात नातू आहे. लहान मूल असलेल्या घरात पिस्तूल नसावं.”

“पण हे खोटं आहे की,” मी म्हणालो.

उस्तादांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“साधं पिवळं पिस्तूल आहे, बाई,” ते म्हणाले. “एकरंगी. बाकीच्यांची लाल असतात, माझं पिवळं. त्यात विशेष काही नाही.”

विशेष हे होतं की पिस्तूल एकरंगी नव्हतं. पिवळं होतं खरं, लिंबाच्या सालीसारखं. पण मुठीवर, जिथे अंगठा येतो तिथे, बोटाएवढा लांबट पोपटी डाग होता. घोड्याखालच्या कडीवर दुसरा, नळीच्या टोकाशी तिसरा. आता पुरुषमाणसाला रंगांतलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं. माझी बायको मागचं वर्षभर सांगतेय की आमच्या बैठकीच्या भिंती मोतिया आहेत, आणि मी त्यांना पांढऱ्या म्हणतो. सासूबाई मात्र उस्तादांकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पावती लिहून दिली.

दुपारी धाकटे मालक यंत्र घेऊन आले. पिस्तुलाला तीन ठिकाणी टेकवलं आणि दोन क्रमांक वाचून दाखवले. एक पिवळ्याचा, एक पोपटीचा.

“दोन रंग आहेत, मावशी.”

“अरे वा,” सासूबाई म्हणाल्या.

“मी दातांच्या डॉक्टरांना फोटो पाठवला.”

हे दातांचे डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. दिवसभर लोकांचे दात काढतात आणि संध्याकाळी सरावाची पिस्तुलं जमवतात. जगात छंद नसलेली माणसं जास्त धोकादायक, असं म्हणतात. ते म्हणणाऱ्यानं आमचे डॉक्टर पाहिलेले नसावेत. त्यांच्याकडे त्याच प्रशिक्षण केंद्रातली दोन लाल पिस्तुलं होती आणि दोन्हींच्या मुठीवर एकेक पोपटी ठिपका होता. त्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला होता: कारखान्यानं गुपचूप एक खास मालिका काढली, तिची खूण पोपटी, आणि हे पिवळं पिस्तूल म्हणजे त्या मालिकेचा पहिला नमुना. फोटो बघून डॉक्टरांनी एक आकडा कळवला. आकडा ऐकून धाकटे मालक खुर्चीत बसले होते.

“छापूया ना असंच? ‘कारखान्याची गुप्त मालिका’?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“का?”

“कारण ती नाही.”

“मग काय आहे?”

“अजून माहीत नाही.”

इथे धाकट्या मालकांनी चष्मा काढला. वाईट बातमी ते नेहमी चष्मा काढून सांगतात. समोरच्याचा चेहरा धूसर दिसला की सोपं जातं. “मावशी, स्पष्टच बोलतो. शुक्रवारी कॅटलॉग छापायला जाणार. तोवर तुम्ही सांगा हे काय आहे, नाहीतर डॉक्टरांचं जाईल. आणि मग... पारखी म्हणून सही मी करायला लागेन हळूहळू. तुम्ही मानद सल्लागार व्हा. मानाची जागा आहे.”

“बसायला खुर्ची असते का त्या जागेला?”

“घरची,” धाकटे मालक प्रामाणिकपणे म्हणाले.

सासूबाईंना घरी बसवणं म्हणजे काय ते त्या मालकांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण ते घर माझं होतं. पण माझं पेन थांबलं ते त्यासाठी नव्हे. सासूबाईंनी उठताना टेबलाची कड घट्ट धरली होती. मी इतक्या वर्षांत त्यांना कशाचाही आधार घेताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या आणि मला शेजारी टिपणं घ्यायला बसवलं. काम करणाऱ्या माणसाकडे बघत बसणं हा माझा आवडता व्यायाम आहे.

आधी त्यांनी मुठीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला सुईच्या टोकाएवढं खरवडलं. भिंगाखाली कडा दिसली: पिवळा, त्याखाली पिवळा, पुन्हा पिवळा, मग लाल. लाल खाली थेट प्लास्टिकच्या अंगातच होता.

“कारखान्यातून लाल निघालं,” त्या म्हणाल्या. “इतर सगळ्यांसारखं. पिवळं नंतर झालं, हातानं, ब्रशनं. आणि परत परत. लाल दिसायला लागायच्या आत नवा हात दिलाय प्रत्येक वेळी. लिहा.”

मी लिहिलं.

“आता सांगा, लेखक. लाल रंग कशाला देतात सरावाच्या पिस्तुलाला?”

“लांबून कळावं म्हणून. की हे खोटं आहे.”

“मग ते काम लाल करतच होता. लाल असताना पिवळा कशाला?”

“हौस?”

“हौशी माणूस एकदा रंगवतो आणि मिरवतो. हा माणूस वर्षानुवर्षं राखण करत होता.” त्यांनी ‘हौस’ हा शब्द माझ्या वहीत खोडला. वही माझी खासगी होती.

बुधवार असाच गेला. त्या पोपटी डागाच्या कडेवरून भिंग हलवत नव्हत्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. धाकटे मालक दोनदा दारातून डोकावून गेले. दोन्ही वेळा चष्मा घातलेला होता, म्हणजे अजून आशा होती. मग संध्याकाळी, मी बॅग भरत असताना, सासूबाई हळूच म्हणाल्या, “इकडे या. ही कड बघा.”

मी बघितलं. पोपटी रंगाची कड होती.

“कशी आहे?”

“छान आहे.”

“जावईबापू, छान काय?” ऑफिसात त्यांनी मला जावईबापू म्हटलं म्हणजे त्या भान विसरल्या होत्या. “खूण करायची असती तर कड ठसठशीत ठेवली असती. नक्षी करायची असती तर आकार दिला असता. ही कड बघा कशी विरवत नेलीय. ब्रश जवळजवळ कोरडा करून, पिवळ्याचा ओघ जिकडे आहे तिकडेच ओढत. म्हणजे हे करणाऱ्याला डाग दिसायला नको होता. त्याला वाटत होतं की जोड बेमालूम जमलाय.”

“पण तो तर ढळढळीत दिसतोय!”

“तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

आणि मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. मी पुष्कळ लोकांना मोठे शोध लागल्यावर पाहिलंय, म्हणजे निदान त्यांनी तसं सांगितलेलं ऐकलंय. ते सगळे खूश असतात. सासूबाई खूश नव्हत्या.

“उस्तादांना उद्या बोलवा,” त्या म्हणाल्या. “चहाला म्हणून सांगा.”

आमच्या मागच्या अंगणात एक बाक आहे. विकली न गेलेली वस्तू म्हणून तो तिथे आहे. उस्ताद त्यावर बसले, सासूबाई शेजारी, मी चहाचा ट्रे घेऊन उभा. पिस्तूल मध्ये, टॉवेलावर, नळी झाडाकडे.

“उस्ताद,” सासूबाई म्हणाल्या, “या पिस्तुलावर पोपटी डाग किती आहेत?”

उस्तादांनी पिस्तुलाकडे बघितलं. मग झाडाकडे. मग पुन्हा पिस्तुलाकडे, आणि ते बघणं असं होतं की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

“डाग?” ते म्हणाले.

“रंग संपला होता का मधेच?”

“डबा संपला होता. स्टोअरमधून दुसरा उचलला. डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या.” जरा वेळानं, “बाकांना देतात तो निघाला का?”

“बहुतेक.”

“कुणी बोललं नाही कधी.”

“तुम्हाला कोण बोलणार?”

उस्ताद हसले. हसू आलं तसं गेलं. मग त्यांनी सांगितलं, आणि ते असं सांगितलं की जणू दुसऱ्याच कुणाचा अहवाल वाचतायत. भरतीच्या वेळी ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवतात, त्यात आकडा दिसावा लागतो. त्यांना ठिपकेच दिसायचे. आधी आत गेलेल्या पोराकडून त्यांनी बाहेर आकडे ऐकून पाठ केले. पुढे कामात काही अडलं नाही. पिस्तूल काळंच असतं, आणि लक्ष्यही काळं-पांढरंच. मग त्यांना उस्ताद केलं आणि हातात लाल पिस्तुलं आली.

“लाल तुम्हाला कसं दिसतं?” मी विचारलं.

“तुम्हाला काळं कसं दिसतं?”

“काळं.”

“तसंच. उजेड कमी असला तर अगदी तसंच.”

एके दिवशी हॉलमधला उजेड कमी होता. दोन पोरं समोरासमोर. एकाच्या हातात पिस्तूल, दुसऱ्याच्या छातीला टेकलेलं. उस्तादांना ते काळं दिसलं, म्हणजे खरं. त्यांनी हॉलच्या या टोकापासून झेप घेतली, पोराला आडवं पाडलं, मनगट मुरगळलं. पिस्तूल घरंगळत गेलं. लाल होतं. अख्खा हॉल उस्तादांकडे बघत राहिला.

“मग?”

“मग उठलो. कपडे झटकले. काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, ‘हातात आहे ते भरलेलंच आहे!’ दुसरं काय म्हणणार, बाई? आणि प्राचार्य नेमके दारात उभे. त्यांना ते इतकं आवडलं की पुढच्या आठवड्यात वाक्य भिंतीवर रंगवून घेतलं. अजून आहे.”

“कुठल्या रंगात?” मी विचारलं.

“मला काय विचारता?” उस्ताद म्हणाले.

सासूबाईंना ठसका लागला. चहा बाजूला ठेवावा लागला.

तेव्हापासून तो केंद्राचा नियम झाला. खोटं पिस्तूलही खऱ्यासारखं धरायचं, भरीव असलं तरी आत बघायचं. उस्तादांनी तो नियम मनापासून शिकवला, कारण त्यांना दुसरा इलाजच नव्हता. त्यांच्या हाताखालच्या एकाही पोराकडून कधी चुकून गोळी सुटली नाही. दुसऱ्या केंद्रांतली माणसं हे बघायला यायची. आणि उस्तादांनी स्वतःचं लाल पिस्तूल तेवढं पिवळं करून घेतलं, निदान आपल्या हातात काय आहे ते आपल्याला कळावं म्हणून.

“आणि मुठीवरचा डाग बघून तुमच्या नंतरच्या उस्तादांनी आपापल्या पिस्तुलांवर पोपटी ठिपका काढला,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या एका गिऱ्हाइकाकडे दोन आहेत.”

“तो पिवळा ठिपका? अंगठ्याची जागा म्हणून लावतात तो?” उस्ताद चकित झाले. “मी कधी शिकवलं नाही तसं. मला वाटलं वरून आदेश आला असेल.”

उस्तादांनी कप खाली ठेवला. मग ते म्हणाले, “हे छापणार का, बाई?”

“छापलं तर तुम्हाला काय होईल?”

“पेन्शन काही थांबणार नाही आता. पण पोरं...” त्यांनी टॉवेलाची घडी सरळ केली. “आज अधिकारी झालेत त्यातले. भेटले की ती झेप सांगतात. त्यांच्या पोरांना सांगतात. आता काय सांगतील? की म्हाताऱ्याला रंग दिसत नव्हता.”

सासूबाईंनी मान हलवली. “चहा गार झाला,” त्या म्हणाल्या, आणि मला दुसरा आणायला पाठवलं.

शुक्रवारी सकाळी त्या धाकट्या मालकांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. माझ्या बॅगेत टिपणं होती: लाल, पिवळ्याचे थर, विरवलेली कड, सगळं. एवढं मांडलं असतं तर मालकांनी यंत्र खिडकीबाहेर फेकलं असतं.

“काय ठरलं, मावशी?”

“मला ओळखता आलं नाही,” सासूबाई म्हणाल्या.

मी सुवर्णपदकाविषयी पुष्कळ ऐकलंय. त्या क्षणी मला ते पहिल्यांदा दिसलं.

धाकट्या मालकांनी चष्मा काढला. त्यांनाही बरं वाटत नव्हतं. टेबलाखालून रांगलेला माणूस होता तो. “ठीक आहे, मावशी. होतं असं.”

“मॅडम...” मी सुरुवात केली.

“लेखक, तुम्ही गप्प बसायचं,” त्या म्हणाल्या. मी गप्प बसलो. या कामाचा मला घरचा सराव आहे. त्या आपल्या टेबलाशी गेल्या आणि खण आवरायला लागल्या. भिंगं, सुया, कापसाचे बोळे. बायकोला फोन करून सांगावं म्हणून मी बाहेर आलो, पण काय सांगायचं ते सुचेना, म्हणून “संध्याकाळी भाजी काय आणू” असं विचारलं. “आईचं काय झालं?” ती म्हणाली. ती त्यांचीच मुलगी आहे.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कॅटलॉगमधला मजकूर छापण्याआधी विकणाऱ्यानं तो वाचून खाली सही करायची. थोरल्या मालकांनी घालून दिलेली. त्यामुळे दुपारी उस्तादांना बोलावणं गेलं. ते आले, ताठ बसले, आणि मी नाइलाजानं लिहिलेला मजकूर वाचायला लागले: ‘कारखान्याच्या गुप्त मालिकेतील पहिला नमुना. पोपटी संकेतखुणांसह.’ एवढं वाचून ते थांबले. मग सह्यांच्या जागेवर आले.

“पारखी म्हणून इथे तुमचं नाव कसं?” त्यांनी धाकट्या मालकांना विचारलं. “बाई कुठे आहेत?”

“मावशी आता मानद सल्लागार आहेत.”

“कधीपासून?”

“सकाळपासून. त्यांना हे पिस्तूल ओळखता आलं नाही.”

उस्तादांनी कागद टेबलावर ठेवला. मग मान वळवून पलीकडे खण आवरणाऱ्या सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई कापसाच्या बोळ्यांत फार गुंतल्या होत्या.

उस्ताद उठले. खोलीच्या मधोमध उभे राहिले, टाचा जुळवल्या, उजवा हात सरळ वर केला आणि असे ओरडले की पलीकडच्या दालनात चिनी मातीची बरणी पुसणाऱ्यानं बरणी छातीशी धरली:

“चूक! माझी!”

सगळे थिजले. धाकट्या मालकांचे हात आपोआप वर गेले.

“फायरिंग रेंजवर चूक झाली की हात वर करून मोठ्यानं सांगायचं असतं,” उस्ताद हात वरच ठेवून म्हणाले, आता नेहमीच्या आवाजात. “ज्याची चूक त्यानं. म्हणजे गोळी दुसऱ्याला लागत नाही. हे मी पोरांना शिकवलंय, आणि इथे गोळी बाईंना लागलेली दिसतेय. तुम्ही हात खाली घ्या, साहेब.”

मग त्यांनी हात खाली घेऊन सगळं सांगितलं. ठिपक्यांची चित्रं, हॉल, झेप, भिंतीवरचं वाक्य, बाकांचा रंग. अंगणात सांगितलं होतं त्यापेक्षा बरं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माणसाला कुठे थांबायचं ते कळतं. धाकटे मालक ऐकता ऐकता यंत्राची वायर बोटाला गुंडाळत होते.

“मावशी, तुम्हाला हे माहीत होतं?”

“बुधवारपासून.”

“मग सांगितलं का नाही?”

“ते माझं नव्हतं सांगायला.”

“अहो, पण तुमची खुर्ची...”

“खुर्ची माझी होती,” सासूबाई म्हणाल्या.

धाकटे मालक काही वेळ वायर उलगडत बसले. मग त्यांनी मी लिहिलेला कागद घेतला, ‘पारखी’ या शब्दापुढचं स्वतःचं नाव काट मारून खोडलं आणि पेन सासूबाईंच्या दिशेनं सरकवलं. व्यवस्थापनात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मला बरं वाटलं.

“पण उस्ताद,” ते म्हणाले, “हे छापलं तर त्या भिंतीवरच्या वाक्याचं काय?”

“भिंतीवर नुसतं वाक्य आहे, ते का बोललो हे लिहिलेलं नाही,” उस्ताद म्हणाले. “आणि वाक्य बरोबर आहे. त्यामुळे पोरं वाचलीत. हसायचं असेल तर हसू देत. जिवंत आहेत म्हणून हसतील. करा पांढऱ्यावर काळं. ते दोन रंग मला व्यवस्थित दिसतात.”

सासूबाई खुर्चीत बसल्या. सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. कारखान्यात लाल. वापरणाऱ्यानं पिवळं केलेलं, कारणासह. दुरुस्त्या पोपटी रंगात, त्याच हातानं, पिवळ्या समजून. या पिस्तुलावरून पुढे त्या केंद्रात पोपटी ठिपक्याची चाल पडली. म्हणजे तशी जी बाकीची पिस्तुलं आहेत त्यांचं मूळ हे. मी एकही विशेषण घातलं नाही. घालायला जागाच नव्हती.

मग त्यांनी किंमत सांगितली. धाकट्या मालकांनी ती दोनदा विचारली.

“डॉक्टरांच्या आकड्यापेक्षा जास्त? मावशी, ते तर गुप्त मालिका समजून देत होते!”

“कारखान्याचा नमुना उद्या कुणाच्या माळ्यावर दुसरा निघेल. मग काय करतील डॉक्टर? ही चूक दुसऱ्या कुणाकडे निघणार नाही. आणि ती किती काळजीनं केलीय ते भिंगाखाली ठेवा, लिलावाच्या दिवशी, लोकांना बघू दे. डॉक्टरांना तर पहिला नंबर द्या. त्यांच्याकडचे दोन ठिपके कुठून आले ते त्यांना कळायला पाहिजे.”

धाकट्या मालकांनी मान डोलावली आणि तो आकडा स्वतःच्या हातानं लिहिला.

उस्तादांपुढे नवा कागद ठेवला. त्यांनी सगळा वाचला, ओळीवर बोट ठेवून, आणि एका जागी थांबले.

“बाई, इथे लिहिलंय, ‘मुठीवर अंगठ्याच्या जागी पोपटी डाग’. न बघितलेल्या गोष्टीवर सही कशी करू?”

सासूबाई उठल्या. टॉवेल उघडला, उस्तादांचं बोट धरलं आणि मुठीवर टेकवलं. “इथे सुरू होतो,” त्या म्हणाल्या, आणि बोट हळूहळू पुढे नेलं. “आणि इथे संपतो.”

उस्तादांनी ते बोट परत मागे नेलं, एकट्यानं. मग पुन्हा पुढे.

“जोड लागत नाही हाताला.”

“नाही लागत. काम चोख केलंय तुम्ही.”

“आणि हा पोपटी दिसतो कसा?”

रंगांवर तासभर बोलू शकणाऱ्या बाई शब्द शोधायला लागल्या. धाकट्या मालकांनी सवयीनं यंत्राकडे हात नेला आणि परत मागे घेतला. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, मग पिस्तुलाकडे.

“पिवळाच,” त्या म्हणाल्या. “जरा ओला असल्यासारखा.”

उस्तादांनी यावर विचार केला, हो म्हणून मान हलवली, आणि सही केली.